म्हातारीच्या मरणाची वाट

मागच्या व्याख्यानात आपण शोकांतिकेवर बोललो, तेव्हा शेवटी दोघातिघांनी तक्रार केली की, सर, पुढच्या वेळी जरा हसू तरी द्या. म्हणून आज विनोद. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाकडून विनोद ऐकायचा म्हणजे बाभळीखाली सावलीला बसण्यासारखं आहे. थोडे काटे लागतील, ते सहन करा.

मराठीत लग्नावरचा एक फार जुना हशा आहे. गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा. तो उतावळा तर असतोच, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बहुधा म्हातारा असतो. डोक्यावर चार केस, तोंडात दोन दात, आणि अंगात नवा अंगरखा. गावोगावच्या सोंगांमध्ये, शिमग्याच्या गमतीत हे पात्र ठरलेलं. त्याला बघून हसायला कुणाला शिकवावं लागत नाही.

या हशाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं घर म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा'. 1899 साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला विधुर, त्याला चौदाएक वर्षांची शारदा बायको म्हणून हवी आहे. मुलीचा बाप कांचनभट पैशाला हपापलेला, आणि मध्ये भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल. त्यातली पदं तुमच्यापैकी निम्म्यांना पाठ आहेत, त्यामुळे आम्ही म्हणून दाखवणार नाही. आमचा आवाज तुम्हाला माहीत आहे.

आता प्रश्न असा की 'शारदा' बघताना आपण हसतो कुणाला? भुजंगनाथाला. त्याच्या वयाला, त्याच्या नटण्याला, स्वतःला तरुण समजण्याला. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1900 साली, म्हणजे 'शारदा'नंतर वर्षभरात, हसण्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचं एक म्हणणं असं आहे की हसताना माणसाचं काळीज थोडा वेळ बधिर व्हावं लागतं. ज्याची कीव येते त्याला हसता येत नाही. दुसरं म्हणणं, जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की तो हास्यास्पद होतो. भुजंगनाथ तसाच आहे. वय पुढं गेलं, इच्छा मात्र जुन्या चावीवर फिरते आहे.

देवलांनी आपलं काळीज हिशेबानं बधिर केलं, कारण त्यांना समाजाला चिमटा काढायचा होता. तो बसलाही. पण त्यात एक गोष्ट निसटली, असं आम्हाला वाटतं. पैसे घेणारा कांचनभट आणि मध्यस्थी करणारा भद्रेश्वर हे खरे गुन्हेगार, आणि त्यांच्या मागे ही सगळी देवघेव चालू देणारा गाव. हशा मात्र जाऊन बसला म्हातारपणावर. जणू तो नवरा पस्तिशीचा असता तर मुलगी विकणं चाललं असतं. आणि शेवट आठवा. लग्न मोडतं ते कशानं? नवरानवरी सगोत्र निघतात म्हणून. मुलीची इच्छा नाही, ती लहान आहे, तिला विकलं आहे, यातल्या कशानंही लग्न थांबत नाही, गोत्रानं थांबतं. काट्यानं काटा काढला असं कौतुक होतं, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला पटेल असा तोच उपाय होता हेही खरं. पण आज वाचताना तिथं थबकायला होतं.

तीस वर्षांनी कायदा आला. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, 1 एप्रिल 1930 पासून लागू. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. हरबिलास सारडा यांनी तो आणला म्हणून सारडा कायदा. मराठीत त्याचा 'शारदा कायदा' झाला, आणि आमच्या लहानपणी तो देवलांच्या नाटकावरूनच आला अशी पुष्कळांची समजूत होती. चुकीची, पण गोड समजूत. मात्र तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. हा आपला हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण त्या रेषेच्या अलीकडे. पदांना अशी रेषा नसते, कायद्याला असते. आणि आज, 2006 चा कडक कायदा असतानासुद्धा, ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचं उरकून टाकायची घाई मराठवाड्यात संपलेली नाही, हे इथं बसलेल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

'शारदा'नंतर अडतीस वर्षांनी हाच विषय पडद्यावर आला. 1937, प्रभात फिल्म कंपनी, पुणे, व्ही. शांताराम यांचा 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. शांता आपटेंची नीरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब. काकासाहेब वकील आहेत, विधुर आहेत, घरात कर्तीसवरती मुलं आहेत. आणि नीराला फसवून या घरात आणलेलं आहे. ती लग्न झालेलं मान्य करते, पण नवरा मान्य करत नाही. घरात राहते आणि रोज 'नाही' म्हणते.

शांतारामांनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलं नाही. जे आवाज घरात असतात तेवढेच ऐकू येतात. त्यात घड्याळ आहे, भिंतीवरचं मोठं घड्याळ, काकासाहेबांच्या वयाचं म्हणा हवं तर. बर्गसाँचं ते यंत्र इथं खरंच भिंतीवर टांगलेलं आहे. पण शांताराम त्याच्यावर हसून थांबत नाहीत. त्यांनी काकासाहेबांना आरशासमोर उभं केलं. भुजंगनाथाला आपण बघतो. काकासाहेब स्वतःच स्वतःला बघतात. म्हाताऱ्या नवऱ्याला आतून बघण्याची मराठीतली ही पहिली मोठी वेळ असावी असं आमचं मत आहे. आणि लक्षात घ्या, ही जागा बोलण्यानं भरलेली नाही. शांतारामांचा हात मूकपटात तयार झालेला. बाबूराव पेंटरांच्या 1925 च्या 'सावकारी पाश' या मूकपटात तरुण शेतकरी झालेले ते शांतारामच. प्रभात 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली तीही मूकपटांनीच. बोलपट आल्यावरसुद्धा जिथं फार महत्त्वाचं सांगायचं तिथं गप्प बसायचं, हे त्यांना मूकपटानं शिकवलं.

शेवटी काकासाहेबांना उमगतं. ते नीराला पुन्हा लग्न कर असं पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. या शेवटाबद्दल आमचं गाऱ्हाणं आहे. ते थोडं बाजूला ठेवू, कारण ते नीट सांगायला एका परक्या चित्रपटाची मदत घ्यावी लागेल. तो तुम्ही मघाशी या पडद्यावर पाहिला.

आतापर्यंत म्हातारा नवरा आणि कोवळी बायको. आता हे उलटं करा. म्हातारी बायको आणि पंचविशीतला नवरा. मराठीत असं नाटक आम्हाला आठवत नाही, आणि त्याला कारण आहे. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेला 1856 च्या कायद्यानंतरही लग्न मिळत नव्हतं. बाकीच्या समाजांत पाट लागायचा, काही ठिकाणी धाकट्या दिराशी लावायचा, म्हणजे बाई आणि तिच्या वाट्याचं शेत घरातच राहायचं. त्या दिराला विचारत नसत, त्या बाईलाही विचारत नसत. यावर विनोद करायचं धाडस कुणी केलं नाही.

ते केलं एका डॅनिश माणसानं. कार्ल थिओडोर ड्रायर, वय वर्षे 31, साल 1920. पुढं 1928 मध्ये 'जोन ऑफ आर्क' करून तो जगभर गाजला, आणि सगळ्यांना वाटलं हा फार गंभीर माणूस. पण त्याआधी त्यानं स्वीडिश कंपनीसाठी नॉर्वेत जाऊन हा विनोदी मूकपट केला: 'पाद्र्याची विधवा'. क्रिस्तोफर यान्सन या लेखकाच्या गोष्टीवरून. लिलेहामर गावात मैहाउगेन नावाचं एक उघड्यावरचं संग्रहालय आहे; जुनी लाकडी घरं, जुनी चर्च तिथं जपून ठेवली आहेत. ड्रायरनं त्या खऱ्या घरांत कॅमेरा लावला. म्हणून त्यातली चूल, माळा, माग, कणगी सगळं वापरातलं वाटतं.

गोष्ट थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण मागच्या रांगेत पाट्या वाचता येत नव्हत्या असं कळलं. सोफ्रेन धर्मशास्त्र शिकलेला, खिशात दमडी नाही. मारीवर त्याचं प्रेम. मारीचा बाप म्हणतो, आधी नोकरी लाव, मग पोरगी मागायला ये. (हसू नका, आपल्याकडे आज दुसरं काय चाललंय? पाच एकरवाल्याला मुलगी मिळत नाही, शिपायाला मिळते.) एका गावात पाद्र्याची जागा रिकामी होते. तीन उमेदवार. प्रवचन देऊन दाखवायचं, गावकरी निवडणार. एकाचं प्रवचन ऐकत लोक झोपतात. दुसऱ्याच्या डोक्याला सोफ्रेन गुपचूप एक पीस लावून देतो, की लोक प्रवचन सोडून हसत बसतात. आणि स्वतः नरकाचं असं वर्णन करतो की जागा पक्की.

मग कळतं की जागेबरोबर मागच्या पाद्र्याची विधवाही आहे. रूढीच तशी. मार्गारेटबाई. तीन पाद्री नवरे पुरून बसलेली. सोफ्रेन चौथा.

ही रूढी ड्रायरनं मनानं रचलेली नाही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, उत्तर जर्मनी, जिथं जिथं लग्न करणारे पाद्री होते तिथं हा पेच होता. पाद्री मेला की घर, शेत, गोठा सगळं नव्या पाद्र्याचं. विधवेनं जायचं कुठं? पेन्शन नाही. मग नव्या माणसानं तिच्याशी लग्न करावं, म्हणजे ती घरातच राहील. संगीतातही हे होतं. ल्यूबेक शहरात चर्चच्या ऑर्गनवादकाची जागा हवी असेल तर आधीच्या वादकाच्या मुलीशी लग्न करायचं. बुक्स्टेहूडनं 1668 मध्ये ते केलं. पुढं तो म्हातारा झाल्यावर 1703 मध्ये तरुण हँडेल आणि त्याचा मित्र मॅथेसन जागा बघायला गेले, अट कळली आणि दोघं आल्या वाटेनं परत गेले.

आपल्याकडं अनुकंपा तत्त्व आहे ना? कर्मचारी गेला तर त्याच्या घरातल्याला नोकरी. त्यांच्याकडं उलटी अनुकंपा: नोकरी बाहेरच्याला, आणि नोकरीला बांधून घरातली बाई. हेतू एकच, उघड्यावर पडू नये. यात वाईट माणूस कुणीच नाही, ही या चित्रपटाची पहिली गंमत. कांचनभट नाही, भद्रेश्वर नाही. गावकऱ्यांनी त्या बाईची सोय केली आहे. सोफ्रेनला घर मिळालं आहे. आणि तरीही जे झालं ते भयंकर आहे.

सोफ्रेन मार्गारेटबाईंच्या घरी जेवतो, हेरिंग मासा खातो, वर दारू. त्या माशात काही मंतरलेलं होतं की काय देव जाणे, पण म्हातारी त्याला तरुण दिसायला लागते आणि तो मागणी घालून बसतो. सकाळी उतरते. मग तो मारीला आपली बहीण म्हणून त्याच घरात आणतो. म्हातारी किती दिवस जगणार? थोडे दिवस काढू.

इथून खरा विनोद सुरू होतो. मारीला चोरून भेटायला जावं तर दर वेळी कुणीतरी म्हातारं माणूस मध्ये. म्हातारीला घाबरवून मारावं म्हणून सोफ्रेन सैतानाचं सोंग घेऊन येतो, तर ती पायातल्या जोड्यांवरून त्याला ओळखते. बघा, 'शारदा'त सोंग म्हातारा घेतो, तरुण असल्याचं. इथं सोंग तरुण घेतो. हशाची दिशा फिरली. पहिला अर्धा तास आपण म्हातारीला हसत होतो. तिचं ते ताठ चालणं, तो काळा पोशाख. आता ती शांत आहे, आणि हास्यास्पद दिसतो तो हा पंचविशीतला पोरगा, एकाच इच्छेच्या चावीवर फिरणारा. बर्गसाँचं यंत्र आता तरुणाच्या अंगात शिरलं.

मग शिडी. म्हातारी माळ्यावर चढलेली आहे असं समजून सोफ्रेन शिडी काढून घेतो. पडते मारी. मांडीचं हाड मोडतं.

कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. वर्गात आम्ही हे चाळीस वर्षं शिकवलं आणि मुलांनी चाळीस वर्षं परीक्षेत लिहिलं. पण सोफ्रेनच्या हातातली ती शिडी बघितली की वाक्याला अंग येतं. म्हातारी त्याला शिडीच होती. नोकरीपर्यंत चढण्याची. चढून झालं, आता काढून घ्यायची. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तोच जीव खाली पडतो.

मारीची शुश्रूषा कोण करतं? मार्गारेटबाई. अंथरुणापाशी बसून राहतात. आणि तिथं त्या सोफ्रेनला आपली गोष्ट सांगतात. त्यांचंही पहिलं लग्न प्रेमाचं होतं. त्यांच्या प्रियकरालाही ही जागा याच अटीवर मिळाली होती, आधीच्या म्हाताऱ्या विधवेशी लग्न करण्याच्या. ते दोघंही तिच्या मरणाची वाट बघत राहिले होते.

मंडळी, आमच्या मते सगळा चित्रपट या जागेसाठी आहे. त्या क्षणी सोफ्रेन कोसळतो आणि खरं सांगून टाकतो की मारी बहीण नाही. म्हातारी रागावत नाही. तिला ते दोघं पोरंच वाटतात. आता ती कोण आहे? रूढीची शिकार आहे, रूढीची लाभार्थी आहे, आणि एके काळी कुणाच्या तरी मरणावर टपलेली तरुण मुलगीही आहे. एकाच बाईत तिन्ही. देवलांना भुजंगनाथात एकच माणूस दिसला.

कुणाच्या तरी मरणाची वाट बघणं, हा असा अपराध आहे की ज्याला कलम नाही. हात लावायचा नाही, औषध द्यायचं, दोन वेळचं जेवण द्यायचं, आणि वाट बघायची. सातबाऱ्यावर म्हाताऱ्याचं नाव असतं. वारस नोंद त्याच्या पश्चात होणार. घरात सून बोलायला चांगली, मुलगा दवाखान्यात नेणारा, आणि तरी म्हाताऱ्याला रात्री कळत असतं की घर वाट बघतंय. 2007 साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. पोटगी मागता येते, काही परिस्थितीत दिलेली मालमत्ता परत मागता येते. चांगला कायदा आहे. पण वाट बघण्याविरुद्ध अर्ज कुठल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडं करणार? आमचं वय आता त्या भुजंगनाथाच्या आसपास आलं, म्हणून हे जास्त कळतं असं म्हणा. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. चाळिशीतल्या मुलाचं नाव अजून कुठंच नाही, कर्ज काढायचं तर बापाची सही, घर बांधायचं तर बापाची परवानगी. त्यानं वाट बघायची नाही तर करायचं काय? सोफ्रेन दुष्ट नाही हो. त्याला अडकवून ठेवलेलं आहे. आम्ही त्याला हसतो, पण त्याच्यावर रागावता येत नाही.

आता ते 'कुंकू'बद्दलचं गाऱ्हाणं. नीरा काकासाहेबांच्या मरणाची वाट बघत नाही. शांतारामांनी तिला त्या पापापासून मुद्दाम लांब ठेवलं. ती लढते, पण मनानं स्वच्छ आहे. आणि काकासाहेब स्वतःच्या हातानं बाजूला होतात, म्हणजे तिच्या हाताला काहीच लागत नाही. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. पण हिशेब मांडा. फसवून लग्न लावणारे नातेवाईक तसेच राहिले, रूढी तशीच राहिली, एका म्हाताऱ्यानं पश्चात्ताप केला आणि मेला, आणि सगळं फिटलं. 'शारदा'त गोत्र आलं, 'कुंकू'त मरण आलं. केशवराव दात्यांनी त्या शेवटाला जे वजन दिलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, पण लेखनात ती सुटका आहे. म्हाताऱ्यानं शहाणं व्हावं आणि लगेच मरावं, अशी तरुण कलेची म्हाताऱ्यांकडून अपेक्षा दिसते.

तुम्ही म्हणाल, मार्गारेटबाईही मरतातच. हो, मरतात. पण कशा? आधी सगळ्या घरादाराचा निरोप घेतात. गोठ्यात जातात, जनावरांना भेटतात, शेतावरून नजर फिरवतात. पाटीवर जवळजवळ काही नाही. नुसतं चालणं. हिल्दुर कार्लबर्ग ही नटी तेव्हा खरोखर पंच्याहत्तरी ओलांडलेली, आणि आजारी. सांगतात की तिनं ड्रायरला दिलासा दिला होता, काम पुरं झाल्याशिवाय मी मरत नाही. चित्रपट ऑक्टोबर 1920 मध्ये लोकांसमोर आला त्याआधीच ती गेली होती. तो निरोप बघताना हे मनात ठेवू नका म्हटलं तरी राहतं. पण नुसतं त्यामुळं तो प्रसंग मोठा होत नाही. तो मोठा होतो कारण बाईंना आपलं घर कुणाच्या हातात द्यायचं हे ठरवता आलं. मरणाची वेळ तिची तिनं घेतली, आणि त्यात स्वतःला शिक्षा केल्याचा भाव नाही. काम संपल्यावर माणूस हात धुऊन उठतं, तसं.

आणि वर एक चिठ्ठी. मी गेल्यावर दाराला घोड्याची नाल ठोका आणि जवस टाका, म्हणजे मी भूत होऊन परत येणार नाही. जवस! आपल्या रानातलं जवस. वाट बघणाऱ्या दोघांना ती मरतानाही सांगते आहे की बाळांनो, माझी भीती बाळगू नका, बंदोबस्त मीच सांगून जाते. आम्हाला हा सगळ्यात मोठा विनोद वाटतो. हसताना काळीज बधिर व्हावं लागतं म्हणणाऱ्या बर्गसाँला या जागेवर बसवून विचारावंसं वाटतं.

आपल्या जिल्ह्यात या हशाला एक जुना सोबती आहे. नामदेवांचं नर्सी इथून जवळ, आणि औंढा नागनाथ आणखी एका बाजूला. आख्यायिका तुम्हाला माहीत आहे. नामदेव गुरू शोधत औंढ्याला देवळात येतात आणि बघतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडतात. विसोबा म्हणतात, बाबा, म्हातारा झालो, पाय हलत नाहीत; जिथं पिंड नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतात, तर तिथं पिंड. पुन्हा उचलतात, तिथंही पिंड. गोष्टीची सुरुवात चेष्टेची आहे. लोळत पडलेला म्हातारा आणि तावातावानं आलेला तरुण. शेवटी अडाणी कोण ठरतं ते सांगायला नको. आपण ही गोष्ट फक्त भक्तीची म्हणून सांगतो आणि त्यातला विनोद गिळून टाकतो. सोफ्रेनही त्या म्हातारीचे पाय उचलून दुसरीकडं ठेवायलाच निघाला होता.

दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला: म्हातारीला इतकं सगळं कळत होतं तर तिनं लग्नाला आधीच नकार का दिला नाही? चांगला प्रश्न आहे. ती राहत होती ते घर नोकरीचं होतं, आजच्या भाषेत क्वार्टर. लग्न नाही म्हटली असती तर बिऱ्हाड उचलावं लागलं असतं. कर्तव्य, कर्तव्य आपण फार बोलतो. गीतेचा आधार घेऊन बोलतो. पण पुष्कळदा माणूस ज्याला कर्तव्य म्हणतो ती डोक्यावरच्या छपराची किंमत असते. तिनं चार वेळा ती भरली. त्या चारही वेळा तिला काय वाटलं असेल, हे ड्रायरनं पहिल्याच नवऱ्यापुरतं दाखवलं. बाकी दोघांचा उल्लेख नुसता मोजणीत येतो. ती उणीव आम्हालाही जाणवली.

दुसरा प्रश्न मागच्या बाजूच्या बाकावरून, एका विद्यार्थिनीचा: मारीला कुणी काही विचारलं का? नाही विचारलं, बाई. बापानं विचारलं नाही, सोफ्रेननं विचारलं नाही. बहीण म्हणून राहा म्हटलं, राहिली. शेवटी थडग्यापाशी सोफ्रेन म्हणतो की या बाईनं तुला घर सांभाळायला शिकवलं आणि मला इमानानं वागायला. वाटणी लक्षात आली ना? तिला घर, त्याला इमान. इथं मात्र नीरा मारीच्या फार पुढं आहे. नीराला कुणी विचारलं नव्हतं तरी तिनं उत्तर दिलं. सतरा वर्षांनी मागून आलेल्या मराठी चित्रपटात जे आहे ते या चित्रपटात नाही, आणि आमच्या सगळ्या कौतुकासकट ते खरं आहे.

चहानंतर मुलं चित्रपटाचा उत्तरार्ध पुन्हा लावणार आहेत. शिडीच्या प्रसंगापासून बघा. आणि या वेळी सोफ्रेन आणि म्हातारी बोलत असताना पडद्याच्या त्या कोपऱ्याकडं बघा जिथं अंथरुणावर मारी आहे.